मुंग्याच चावल्या असतील

ता. ४, सोमवार

धाकटीकडे आल्यापासून आज पहिल्यांदा लिहायला बसले. तिचा आठवा महिना संपत आलाय. पाय सुजतात, पाठ धरते. जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, म्हणजे दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लोंबकळत असतात. (त्यांच्या तोंडावर असं म्हणत नाही.) तेव्हा घर सध्या माझ्या हातात आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतंय. निवृत्त झाले, मग हे गेले, त्यानंतर मला कोणी काही विचारेनासंच झालं होतं. इथे उठता-बसता 'आई, हे कसं करू' आणि 'आई, तू सांगशील तसं.'

नात दुपारी बालवर्गातून आली ती गप्पच. तिला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो, कारण एका जागी उभी राहील तर शपथ. आज बूटसुद्धा न काढता सोफ्यावर आडवी झाली. अंग कोमट लागलं. धाकटी म्हणाली, "ताप असेल का गं?" मी म्हटलं, रुसवा असेल. घरात दुसरं येणार म्हटलं की पहिल्याचं अंगही तापतं आणि डोकंही. धाकटीला हसू आलं आणि तिने पोरीला कुशीत घेतलं.

ता. ५, मंगळवार

अंघोळ घालताना भिंगरीच्या पोटावर चार-पाच लाल ठिपके दिसले, पाठीवर एक-दोन. लगेच ओळखलं. गॅलरीतल्या कुंड्यांत लाल मुंग्या झाल्यात आणि ही रविवारी तिथेच फरशीवर लोळत होती.

संध्याकाळी जावई आले ते हात-पाय न धुताच मोबाइलचा टॉर्च लावून बसले.

"आई, कांजिण्या तर नसतील?"

"अहो, कांजिण्या अशा असतात होय? पोर तापाने फणफणतं, अंगभर पुरळ उठतं. ही बघा, बिस्किटं खातेय."

"बालवर्गात कुणाला तरी झाल्यात म्हणे. बाईंनी मागेच मेसेज टाकला होता."

"मग हिला लस दिली असेल ना?"

त्यांनी धाकटीकडे बघितलं, धाकटीने जमिनीकडे. एक दिली होती. दुसरी घर बदलायच्या गडबडीत राहून गेली.

मी होजिअरीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर जन्म काढला. कापड डोळ्यांखालून सरकत जायचं, आणि तेलाचा डाग कुठला, गंजाचा कुठला, सुईने पडलेलं भोक कुठलं, हे मला लांबून कळायचं. साहेब सुद्धा विचारून जायचे. तर मला मुंगी चावलेली कळणार नाही?

जावयांचं मात्र समाधान होईना. "आणि हिला?" म्हणाले, "हिला येऊन गेल्यात का?"

"गेल्यात की. भिंगरीएवढीच होती. मी कारखान्यातून रजा टाकून उशाशी बसले होते. खाजवून खाजवून रक्त काढील म्हणून हातात मोजे घातले होते. हाताला लागले ते, एक निळा, एक पांढरा." हे सांगताना ते पिटुकले हात अगदी डोळ्यांसमोर आले.

धाकटी म्हणाली, "मला तर काही म्हणजे काही आठवत नाही."

"तापात कुठलं आठवतंय," मी म्हटलं.

भिंगरी धाकटीच्याच अंथरुणात झोपलीय. पोटाला तोंड टेकून आतल्या बाळाशी काहीतरी कुजबुजत होती. बघून बरं वाटलं. म्हणजे रुसवा गेला.

ता. ६, बुधवार

ठिपके वाढलेत. एकावर पाणी धरलंय, स्वच्छ, टपोरं. मुंगी विषारी असली की असं होत असावं. कानामागे एक आहे. केसांतही दोन लागले बोटाला.

शाळेत पाठवलं नाही. केस विंचरून कानांवर वेण्या घातल्या. जावई आधीच घाबरट, उगाच त्यांच्या डोक्याला घोर कशाला, म्हणून त्यांना काही बोलले नाही. धाकटीला विचारलं तर म्हणाली, "तू बघतेयस ना, मग झालं."

दुपारभर मन मात्र लागलं नाही. भिंगरीला झोपेत तीन वेळा उघडं करून बघितलं. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. मुंगी डोक्यात कशी चढली असेल?

ता. ७, गुरुवार

सकाळी पोर दूध पिताना रडायला लागली. तोंडात दुखतंय म्हणाली. जावयांनी मला न विचारता तिचा सदरा वर केला आणि तसेच उभे राहिले. मग वेणी बाजूला करून कान बघितला. माझ्याकडे एकदाच बघितलं. रिक्षा घेऊन आले, आणि धाकटीला घरी ठेवून आम्ही तिघं दवाखान्यात.

तिथल्या मुलीने लांबूनच पोरीला बघितलं आणि आम्हाला बाहेरच्या जिन्यावर बसवलं. आत तान्ही बाळं होती म्हणे. मला राग आला. हिला काय महारोग झालाय?

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. भिंगरीला पालथं झोपवून त्यांनी दिवा जवळ ओढला आणि मलाच म्हणाल्या, "आजी, या, बघा. हा नुसता लाल उंचवटा, आजचा. हा पाणी भरलेला, कालचा. आणि ह्याच्यावर खपली धरायला लागलीय, तो त्याच्याही आधीचा. तिन्ही एकाच वेळी, एकाच पाठीवर. कांजिण्याच आहेत."

"मुंग्या—"

"मुंग्या उघड्या हातापायांवर चावतात. हिच्या पायांवर बघा, जवळजवळ काही नाही. छाती, पाठ, तोंड, डोकं, तोंडाच्या आत. कांजिण्या अशाच मधून सुरू होतात. लस एकदाच झालीय म्हणून ताप कमी आणि ठिपके मोजके. त्यामुळे भलेभले फसतात."

भलेभले म्हणाल्या, ते माझ्यासाठीच. चांगली बाई आहे.

नखं कापा, गुलाबी लोशन लावा, ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कसलीही तापाची गोळी मनाने द्यायची नाही, सगळ्या खपल्या धरेपर्यंत कोणात मिसळू द्यायचं नाही. मी माना डोलावत होते. मग त्यांनी विचारलं, "घरी अजून कोण?"

जावई म्हणाले, "हिची आई. नववा लागेल आता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना येऊन गेल्यात?"

"गेल्यात," मी म्हटलं. "मी स्वतः काढलंय तिचं आजारपण."

"नक्की? कारण पुरळ दिसायच्या दोन-एक दिवस आधीपासूनच हे लागतं. म्हणजे त्यांना जे लागायचं ते लागून गेलंय. आधी येऊन गेल्या असतील तर काळजी नाही. पण नसतील तर ह्या दिवसांत फुप्फुसांवर जाऊ शकतं. आणि नेमक्या बाळंतपणाच्या तोंडावर आल्या तर बाळाला फार जड जातं. तेव्हा आठवणीवर नको, रक्तच तपासू या. इंजेक्शन द्यायचं तर वेळेत दिलं पाहिजे."

"बाई, आईला नाही आठवणार तर कोणाला?"

त्यांनी तरी चिठ्ठी लिहून दिलीच. जावई म्हणत होते, आजच तपासून घेऊ. मी म्हटलं, अवघडलेल्या बाईला प्रयोगशाळेच्या रांगेत कशाला उभं करता, तिथे शंभर आजारी माणसं. घरी आल्यावर धाकटीही तेच म्हणाली. "आई सांगतेय ना. उद्या बघू."

त्याच दिवशी, दिवेलागणीला

आत्ताच लिहून काढते.

चहा झाल्यावर थोरलीला फोन लावला. थोरली परगावी असते. म्हटलं, जावई माझं ऐकत नाहीत, निदान तिने तरी सांगावं. सगळी हकीगत सांगितली. ती म्हणाली, "आई, धाकटीला कुठे आल्या होत्या? मला आल्या होत्या."

"काहीतरीच काय! तुला गोवर आला होता."

"गोवर नाही, कांजिण्या. तिला तू आत्याकडे पाठवलंस, तिला लागू नयेत म्हणून. मी बरी होईपर्यंत ती तिकडेच होती."

"अगं, मोजे मला चांगले आठवतात."

"एक निळा, एक पांढरा," थोरली म्हणाली. "ते माझे हात होते, आई."

पुढेही तीच बोलत होती. "तू दिवसभर घरी, माझ्या उशाशी. कारखान्यातल्या गमती सांगायचीस. मला इतकं छान वाटायचं ना, की खपल्या पडायला लागल्या तेव्हा मी रडले होते. आता तू परत कामावर जाणार म्हणून. आई? ऐकतेयस ना? तिची तपासणी कर, आत्ताच्या आत्ता. आई!"

फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले. बाहेरच्या खोलीत धाकटी भिंगरीला चित्रांचं पुस्तक दाखवत होती, गालाला गाल लावून. एक चेहरा डोळ्यांसमोर होता, तो कोणाचा हेच मला सांगता येईना. दोघी लहानपणी एकमेकींसारख्या दिसायच्या, पण इतक्या?

दारात जाऊन सांगून टाकलं. "तुला नव्हत्या आल्या. थोरलीला आल्या होत्या. माझी चूक झाली."

जावई ताडकन उठले आणि किल्ली शोधायला लागले. धाकटी मात्र बसूनच. म्हणाली, "म्हणून आत्याकडे पाठवलं होतंस?"

"तुला आठवतं?"

"पायरी आठवते तिच्या दारातली. तिच्यावर बसून वाट बघायचे. आत्या आत चल म्हणायची, मी जायची नाही. मला वाटायचं मी काहीतरी केलंय आणि आता तुम्ही मला तिकडेच ठेवणार."

"अगं, केवढीशी होतीस तू! सांगून काय कळलं असतं?"

"भिंगरीएवढी," ती म्हणाली, आणि पदर सावरून जावयांच्या मागून जिना उतरली. आवाज चढवला नाही तिने. लहानपणापासून ती अशीच. मी आजवर त्याला गुणी म्हणत आले.

ता. ८, शुक्रवार

रिपोर्ट आला. धाकटीच्या रक्तात कांजिण्यांपासून संरक्षण नाही. अजिबात नाही.

लागणारं इंजेक्शन औषधांच्या दुकानात सहज मिळत नाही म्हणे. जावई सकाळपासून फोनवर. ह्या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, इथून तिथे. मध्येच घरी येऊन पाणी प्यायले आणि उभ्याउभ्याच निघाले. जाताना म्हणाले, "आई, तुम्ही जेवून घ्या." तेवढ्यानेच मला रडू फुटलं. मला वाटत होतं आता ते माझ्याशी बोलणारच नाहीत.

बुधवारी वेण्या मी का घातल्या? पाणी धरलेलं मी बघितलं होतं. बोटाला लागलं होतं. मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, आणि कळत होतं असंही नाही. चुकले तर पुन्हा मला कोणी काही विचारणार नाही, असं काहीसं मनात होतं. लिहायला लाज वाटते.

ता. ९, शनिवार

मिळालं. मोठ्या हॉस्पिटलातून आणलं आणि दुपारी धाकटीला दिलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ह्याने येणारच नाहीत असं नाही, पण आल्या तर जोर कमी राहील. आणि आता महिनाभर वाट बघायची. ताप, एकही ठिपका, दम लागणं, काहीही झालं तर लगेच फोन. वेटिंग रूममध्ये येऊन बसायचं नाही.

आणखी लागण नको म्हणून दोघींना वेगळं ठेवायला सांगितलंय. आमच्या डोक्यावरचं घर रिकामं आहे, भाडेकरू बाहेरगावी गेलेत. घरमालकीणबाईंनी त्यांना फोन करून किल्ली दिली. जावई आणि धाकटी वर राहणार, मी आणि भिंगरी खाली.

धाकटी निघाली तशी भिंगरी दाराला चिकटून उभी. "आई, मी पण." धाकटीला तिच्याकडे बघवेना, ती भराभर जिना चढून गेली. पोर रडली नाही. मला रडली असती तर चाललं असतं.

मी तिला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तुझ्या ठिपक्यांतून आईला आजार लागू शकतो, बाळालाही. ठिपके वाळले की आई खाली येणार. वरच आहे, डोक्यावर. तू काहीही केलेलं नाहीस. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं, मग परत एकदा.

"मग मुंग्यांनी केलं?" तिने विचारलं.

"मुंग्यांनी पण नाही."

ता. ११, सोमवार

खाज सुटलीय पोरीला. दर थोड्या वेळाने गुलाबी लोशन. सगळं अंग रंगवलेल्या भिंतीसारखं झालंय. नखं कापली, तर आता गुडघ्याने गुडघा घासते.

दुपारी थोरलीचा फोन आला तो भिंगरीनेच उचलला. मी चादर वाळत घालत होते. ऐकते तर ही गंभीर आवाजात सांगतेय, "मावशी, आई वर गेली."

पलीकडून जी किंकाळी आली ती गॅलरीत ऐकू आली. धावत जाऊन फोन हिसकावला. "अगं, वरच्या मजल्यावर! वरच्या मजल्यावर!" थोरली हुंदके देत शिव्या घालत होती, मला, भिंगरीला, कांजिण्यांना. मग दोघी इतक्या हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं. भिंगरी आमच्यावर रागावली. ती खरं तेच बोलली होती.

ता. १४, गुरुवार

वर धाकटी चालते ते खाली ऐकू येतं. पावलं जड पडतात आता. भिंगरी छताकडे बघत सांगते, आई खिडकीकडे गेली, आई बसली. काल धाकटीने फरशीवर काठी ठोकली, टक टक. भिंगरीने खुर्चीवर चढून झाडूच्या दांड्याने उत्तर दिलं. छताचा रंग उडालाय तिथे. घरमालकीणबाई बघतील तेव्हा बघतील.

आज नवा ठिपका एकही नाही. जुन्यांवर खपल्या. मी मात्र 'झाल्या बऱ्या' असं म्हटलं नाही. फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवायला जावयांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानेच बघितलं.

ता. १६, शनिवार

बाईंनी सांगितलं, सगळ्या खपल्या धरल्यात, आता हिच्यापासून कोणाला लागणार नाही. धाकटी खाली आली. मायलेकी दारातच बसल्या, जिन्याच्या पायरीवर. बराच वेळ. आत या म्हणायला मी गेले आणि परत फिरले.

ता. २२, शुक्रवार

काही नाही. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात धाकटीची पाठ बघते, पोट बघते, मान बघते. आज ती वैतागली. "आई, मी काय कापडाचा तागा आहे?"

मी तशीच बघत राहिले.

इतके दिवस गेले, आता टळलं असं जावई म्हणतात. बाई महिना म्हणाल्या होत्या. महिना झालेला नाही.

ता. २६, मंगळवार

सकाळी धाकटीला कणकण. अंग दुखतंय म्हणाली. ह्या दिवसांत दुखतंच, असं माझ्या जिभेवर आलं होतं ते गिळलं. उजेडात नेलं. मानेच्या खाली, छातीवर, एक लालसर ठिपका. तिचा रंग माझ्यासारखा सावळा, त्यामुळे लाल म्हणजे नुसता गडद. बोट फिरवलं तर उंच लागला. दुसरा पोटाच्या बाजूला.

ती माझ्याकडे बघत होती. "काय आहे, आई? घामोळं ना?"

तिला 'हो' ऐकायचं होतं. मलाही तेच म्हणायचं होतं.

"मला कळत नाही," मी म्हटलं. "फोन लावते."

डॉक्टरीणबाई आणि बाळंतपणाच्या मोठ्या डॉक्टर, दोघी बोलल्या एकमेकींशी. हॉस्पिटलात मागच्या दाराने नेऊन वेगळ्या खोलीत तपासलं. कांजिण्याच. लगेच गोळ्या सुरू केल्या, दिवसातून पाच वेळा. छाती स्वच्छ आहे. घरी ठेवायला हरकत नाही, पण दम लागला, खोकला आला, तर क्षणभर थांबायचं नाही.

मग मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "आता एकच. बाळाने निदान आठवडाभर आत राहायला हवं. आईच्या अंगात जे लढणारं तयार होईल, ते बाळाला मिळायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी जन्मलं तर त्याला ते मिळणार नाही."

"आणि कळा सुरू झाल्या तर?"

"तर बघू. इंजेक्शन बाळालाही देता येतं. पण तशी वेळ न आलेली बरी."

इतके दिवस सगळे बाळाची वाट बघत होतो. आता, बाबा, येऊ नकोस.

ता. २७, बुधवार

धाकटीचं सगळं मीच करते. मला लहानपणीच येऊन गेल्यात, भुवईवर खड्डा आहे. (जावयांनाही आल्या होत्या, पण त्यांनी रक्त तपासून खात्री केली. आमच्या घरात आता कोणी कोणाच्या आठवणीवर विश्वास ठेवत नाही.) भिंगरीला भीती नाही म्हणून तिलाही आईजवळ बसता येतं. ती आता घरातली तज्ज्ञ. आईची बाही वर करून सांगते, "हा आजचा. हा कालचा. ह्याला हात नाही लावायचा."

ताप चढला की धाकटी डोळे मिटून पडते. मी लोशन लावते. आज दुपारी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "थोरलीला काय सांगायचीस गं, ती आजारी होती तेव्हा?"

"काही नाही, कारखान्यातल्या गप्पा."

"मला सांग."

मग सांगितलं. एक बाही लांब आणि एक आखूड असे शंभर बनियन शिवून झाल्यावर साहेबांच्या लक्षात आलं, ते. मशीनवालीने रागाच्या भरात मुकादमाचा डबाच पार्सलमध्ये बांधून पाठवला, ते. ती हसली आणि पोट धरलं. मी घाबरून गप्प झाले. "थांबू नकोस," म्हणाली. "बाळ लाथ मारतंय, बाकी काही नाही. पुढे?"

ता. २९, शुक्रवार

दुपारी कळा आल्या. आधी पाठीत, मग पोटात. धाकटीचा चेहरा पांढरा. मी म्हटलं, "श्वास घे, हळू." तिचा श्वास भराभर चालला होता आणि तो कळांचा की छातीचा हे मला कळेना. जावई एका इमारतीच्या तेराव्या मजल्यावर होते. आले कसे ते विचारू नये.

हॉस्पिटलात पोटाला पट्टे बांधले. आम्ही दोघं बाहेर, बाकावर. जावई म्हणाले, "आई, मी त्या मंगळवारीच नेलं असतं तर?"

"तुम्ही म्हणालाच होतात. मी अडवलं."

"तुम्ही अडवलंत, पण मी अडलो. मला पण मुंग्याच हव्या होत्या."

इतक्या दिवसांत आम्ही एवढंच बोललो ह्या विषयावर. मग त्यांनी चहा आणला, दोन कप, आणि दोघांनीही प्यायला नाही.

कळा खोट्या निघाल्या. हळूहळू थांबल्या. छाती स्वच्छ. घरी आलो. धाकटी डाव्या कुशीवर झोपलीय, भिंगरी पोटाशी तोंड नेऊन बजावतेय, "बाहेर यायचं नाही. आम्ही सांगू तेव्हा."

ता. ३, बुधवार

नवे ठिपके थांबून दोन-तीन दिवस झाले. ताप नाही. सगळ्यांवर खपल्या. एकंदरीत थोडकेच आले, भिंगरीपेक्षाही कमी. इंजेक्शनमुळे, असं बाई म्हणाल्या. आठवडा उलटला. मोठ्या डॉक्टरांनी आज ठोके ऐकले आणि पहिल्यांदाच हसल्या. "आता त्याला हवं तेव्हा येऊ दे."

घरी येताना धाकटीने रिक्षात माझा हात धरला. उतरायची वेळ आली तरी सोडला नव्हता.

ता. ९, मंगळवार

मुलगा झाला, काल सकाळी. सव्वातीन किलो, आवाज खणखणीत. मुलांच्या डॉक्टरांनी नखशिखांत तपासला. काही दिवस लक्ष ठेवणार आहेत, पण आत्ता सगळं छान आहे.

आज भिंगरीला भेटायला नेलं. जावयांनी तिला खुर्चीवर चढवलं. तिने भावाला नीट बघितलं, खूप वेळ, कपाळ, कान, हनुवटी. मग एकदम म्हणाली, "आजी, ह्याच्या नाकावर ठिपके आहेत."

धाकटी उशीवरून उठायला गेली. जावयांचा हात खिशातल्या मोबाइलकडे, टॉर्चसाठी.

मी वाकून बघितलं. नाकाच्या शेंड्यावर बारीक पांढरे दाणे, रव्यासारखे. तान्ह्या बाळांना असतात असे, आपोआप जातात. माझ्या दोघी मुलींच्या नाकांवर होते. दोघींच्या, की एकीच्या?

"मला वाटतं काही नाही," मी म्हटलं, "पण विचारू या," आणि घंटी दाबली.

सिस्टर आल्या, बघितलं आणि हसल्या. "काही नाही हो, आजी. बाळांना असतात. थोड्या दिवसांत जातील."

धाकटी मागे टेकली आणि डोळे पुसायला लागली. भिंगरी मात्र खुर्चीवरून हलेना.

"तिथून नाही दिसत," ती सिस्टरना म्हणाली. "उजेडात बघा."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीचा पडदा बाजूला केला. मग त्यांनी बाळाला अलगद उचललं आणि खिडकीपाशी नेलं.